डॅनिश पद्धतीचे पातळ पॅनकेक

डॅनिश पॅनकेक म्हणजे मैदा, दूध, अंडी आणि लोणी यांच्या सरसरीत मिश्रणापासून तव्यावर केलेला पातळ, मऊ आणि खरपूस कडांचा गोल पदार्थ. त्यात यीस्ट नसते, बेकिंग पावडर नसते आणि मिश्रण आंबवलेलेही नसते. जाडी जेमतेम दीड ते दोन मिलिमीटर असते. गुंडाळी केली तरी तो तडकत नाही आणि चावताना वातडही लागत नाही. हा गुण तीन गोष्टींवर अवलंबून असतो: मिश्रणातील द्रवाचे प्रमाण, ते मुरायला दिलेला वेळ आणि तव्याची धग. या तिन्ही सांभाळल्या की घरच्या साध्या तव्यावरही उत्तम पॅनकेक होतात.

डेन्मार्कच्या स्वयंपाकात या पदार्थाला जुने आणि घरगुती स्थान आहे. १८७० नंतर अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त धान्यामुळे युरोपातील धान्याचे भाव कोसळले, तेव्हा डॅनिश शेतकरी धान्याकडून दुग्धव्यवसाय आणि पशुपालनाकडे वळले. १८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधील येडिंग या गावी देशातील पहिली सहकारी दूध डेअरी सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत अशा डेअऱ्या देशभर पसरल्या. दूध, लोणी आणि अंडी यांवर उभ्या असलेल्या या शेतीची छाप तिथल्या खाण्यावरही पडली. आजही डॅनिश घरांत पॅनकेक मुख्यतः गोड म्हणून खाल्ले जातात. सोबत साखर, स्ट्रॉबेरीचा जॅम किंवा व्हॅनिला आइस्क्रीम असते. पिवळ्या वाटाण्याच्या दाट सूपनंतर पॅनकेक वाढण्याची जुनी पद्धतही तिथे आहे.

इतर पॅनकेकांपासून वेगळेपण

अमेरिकी पॅनकेक जाड आणि जाळीदार असतो, कारण त्यात बेकिंग पावडर असते आणि मिश्रण घट्ट असते. डॅनिश पॅनकेकचे जवळचे नाते फ्रेंच क्रेपशी आहे. क्रेप त्याहून थोडा पातळ असतो. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात तो मोठ्या सपाट तव्यावर लाकडी फिरकीने पसरवतात. डॅनिश पॅनकेक मात्र कडेच्या तव्यात ओतून तवाच तिरका करत फिरवून पसरवतात, कोणतेही साधन वापरत नाहीत. स्वीडन आणि नॉर्वे येथील पॅनकेक याच कुळातले आहेत.

डेन्मार्कमध्येच एब्लेस्किव्हर नावाचा आणखी एक पदार्थ नाताळच्या सुमारास केला जातो. तो गोल खळग्यांच्या बिडाच्या पात्रात केलेला फुगीर गोळा असतो आणि त्याचे मिश्रण घट्ट असते. इंग्रजीत त्यालाही कधी कधी डॅनिश पॅनकेक म्हणतात, म्हणून पाककृती शोधताना गोंधळ होऊ शकतो. या लेखातील कृती पातळ पॅनकेकची आहे.

साहित्य

२२ सेंटिमीटर तळाच्या तव्यावर दहा ते बारा पॅनकेक होतील असे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

मैदा १५० ग्रॅम (सुमारे सव्वा कप)
दूध ४०० मिलिलिटर
अंडी ३ (प्रत्येकी सुमारे ५५ ग्रॅम)
वितळवलेले लोणी ३० ग्रॅम (दोन मोठे चमचे)
साखर १ मोठा चमचा
मीठ पाव छोटा चमचा
वेलदोड्याची पूड पाव छोटा चमचा, किंवा व्हॅनिला इसेन्स अर्धा छोटा चमचा
तव्याला लावण्यासाठी थोडे लोणी किंवा तूप

येथे कप २४० मिलिलिटरचा, मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि छोटा चमचा ५ मिलिलिटरचा धरला आहे. मैदा कपाने मोजताना तो दाबून भरू नये. चमच्याने हलका भरून वरून सुरीने सपाट करावा. दाबून भरलेल्या कपात पंचवीस-तीस ग्रॅम मैदा सहज जास्त बसतो आणि तेवढ्याने मिश्रण घट्ट होते. वजनकाटा असेल तर तोच वापरावा.

डॅनिश पाककृतींत दूध डेसिलिटरमध्ये दिलेले असते. १ डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर. त्याच मापाने मैदा दिला असेल तर १ डेसिलिटर मैदा सुमारे ६० ग्रॅम धरावा.

घटकांचे काम आणि निवड

*मैदा.* पॅनकेकचा सांगाडा मैद्यातील स्टार्च आणि ग्लुटेन मिळून तयार करतात. ग्लुटेन थोडे असले की पॅनकेक उलटताना फाटत नाही, जास्त झाले की चिवट होतो. म्हणून मैदा वापरावा, पण तो फार घोटू नये. कणीक वापरायची असल्यास सुरुवातीला एक तृतीयांश कणीक आणि दोन तृतीयांश मैदा असे प्रमाण ठेवावे. चक्कीवर दळलेली कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी शोषते, म्हणून दूध ४० ते ५० मिलिलिटर वाढवावे आणि मिश्रण तासभर मुरू द्यावे. डेन्मार्कमध्येही भरड कोंड्यासकट दळलेले गव्हाचे पीठ मिसळून असे पॅनकेक केले जातात. त्यांना गव्हाचा खमंग वास येतो, पण ते थोडे जाड होतात.

*अंडी.* अंड्यातील प्रथिने साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान गोठत जातात आणि इतके सैल मिश्रण अखंड पापुद्र्यात धरून ठेवतात. बलकातील स्निग्धांशामुळे मऊपणा आणि रंग येतो. युरोपीय पाककृतीतले अंडे आणि भारतीय बाजारातले अंडे आकाराने सारखे नसते. युरोपीय वर्गवारीत मध्यम अंडे ५३ ते ६३ ग्रॅमचे आणि मोठे ६३ ते ७३ ग्रॅमचे असते. भारतात मिळणारी बरीचशी अंडी ५० ते ५५ ग्रॅमच्या आसपास भरतात. डॅनिश पाककृतीत तीन मोठी अंडी लिहिली असतील, तर येथील लहान अंडी चार घ्यावीत. वर दिलेले प्रमाण ५५ ग्रॅमच्या अंड्यांना धरून आहे.

*दूध.* डेन्मार्कमधील साध्या पूर्ण दुधात सुमारे ३.५ टक्के स्निग्धांश असतो. त्याच्या जवळ जाणारे दूध म्हणजे गाईचे किंवा पिशवीतील टोण्ड दूध. म्हशीचे दूध किंवा फुल क्रीम दूध वापरायचे असेल तर ३०० मिलिलिटर दुधात १०० मिलिलिटर पाणी घालावे. फार सायीच्या दुधाने पॅनकेक जड होतो आणि लवकर डागाळतो. तापवून ठेवलेले दूध पूर्ण निवलेले असावे आणि त्यावरची साय काढून टाकावी, नाहीतर तिचे तुकडे मिश्रणात गुठळ्यांसारखे राहतात.

*लोणी.* मिश्रणात वितळवलेले लोणी घातले की दुहेरी फायदा होतो. पॅनकेक मऊ राहतो आणि प्रत्येक वेळी तव्याला लोणी लावावे लागत नाही. पाकिटातले पिवळे बटर खारे असते, ते वापरल्यास वेगळे मीठ घालू नये. घरचे पांढरे लोणी घ्यायचे तर ते ताजे असावे आणि ताक नीट निथळलेले असावे. आंबूस लोण्याची चव गोड पॅनकेकमध्ये लपत नाही.

*साखर.* एका मोठ्या चमच्याहून जास्त साखर घालू नये. साखर तव्यावर लवकर जळते आणि पॅनकेक चिकटतो. गोडी वरून घेतलेल्या साखरेने आणि जॅमने येते.

*सुवास.* वेलदोडा, व्हॅनिला किंवा लिंबाची किसलेली साल यांपैकी एकच घ्यावे. मूळचा भारताच्या पश्चिम घाटातील वेलदोडा उत्तर युरोपच्या भट्टीच्या पदार्थांत इतका रुळला आहे की डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे येथील गोड पाव आणि बन त्याच्याशिवाय अपुरे वाटतात. बाजारच्या पुडीपेक्षा दाणे ऐनवेळी कुटून घातल्यास वास अधिक येतो. लिंबाची साल किसताना फक्त वरचा रंगीत भाग घ्यावा, खालचा पांढरा भाग कडू असतो.

काही डॅनिश घरांत मिश्रणात थोडी बिअर घालतात. तिच्यातील वायूच्या बुडबुड्यांमुळे पॅनकेक हलका होतो आणि कडा कुरकुरीत होतात. बिअरऐवजी साधा सोडा वॉटर तेच काम करतो. ४०० मिलिलिटर दुधापैकी ५० ते ७५ मिलिलिटर कमी करून तेवढा सोडा अगदी शेवटी, तवा तापल्यावर घालावा. आधी घातल्यास बुडबुडे मुरण्याच्या वेळातच निघून जातात.

मिश्रण कालवणे

मोठ्या खोलगट भांड्यात मैदा चाळून घ्यावा. त्यात साखर, मीठ आणि वेलदोड्याची पूड कोरडीच मिसळावी. मध्ये खळगा करून त्यात अंडी फोडून घालावीत आणि दुधाचा फक्त एक तृतीयांश भाग, म्हणजे सुमारे १३० मिलिलिटर, ओतावा. तारेच्या फेटणीने मधून सुरुवात करून हळूहळू कडेचा मैदा आत ओढत घट्ट, एकजीव मिश्रण करावे. घट्ट मिश्रणात फेटणीचा जोर गुठळ्यांवर पडतो आणि त्या मोडतात. सगळे दूध एकदम ओतले तर गुठळ्या दुधात तरंगत राहतात आणि कितीही फेटले तरी पूर्ण मोडत नाहीत.

मिश्रण गुळगुळीत झाल्यावर उरलेले दूध दोन हप्त्यांत घालावे. शेवटी वितळवलेले, कोमट झालेले लोणी घालून ढवळावे. लोणी कढत असेल तर अंड्याचे धागे होतात. दूध फ्रीजमधले थंडगार असेल तर उलट लोण्याच्याच गोळ्या होतात. म्हणून दूध आणि अंडी अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढून ठेवावीत.

मिक्सरमध्ये केले तरी चालते, पण दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये. पुष्कळ घोटल्याने ग्लुटेन ताणले जाते आणि हवाही भरते. मिक्सरमधल्या मिश्रणाला मुरण्यासाठी तासभर द्यावा. इतके करूनही गुठळ्या राहिल्याच, तर मिश्रण गाळणीतून गाळून घ्यावे.

तयार मिश्रण पातळ सायीइतके सरसरीत हवे. डाव मिश्रणात बुडवून वर काढला की त्याच्या पाठीवर पातळ थर राहावा. त्या थरात बोटाने ओढलेली रेघ क्षणभर टिकून मग मिटावी. रेघ तशीच राहिली तर मिश्रण घट्ट आहे. ती उमटतच नसेल तर फार पातळ आहे.

मुरवण

मिश्रण झाकून किमान अर्धा तास ठेवावे. या वेळात मैद्याचे कण दूध शोषून फुगतात, फेटताना ताणलेले ग्लुटेन सैल पडते आणि अडकलेली हवा निघून जाते. याचा परिणाम तव्यावर लगेच दिसतो. मुरलेले मिश्रण सहज पसरते, एकसारखे शिजते आणि उलटताना फाटत नाही. न मुरलेल्या मिश्रणाचा पॅनकेक आक्रसतो आणि त्याला कच्च्या पिठाची चव राहते.

मुरल्यावर मिश्रण थोडे घट्ट होते. म्हणून करायला घेण्यापूर्वी ते तळापासून ढवळून पुन्हा डावाने तपासावे आणि गरज असल्यास एक-दोन मोठे चमचे दूध घालावे. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात कच्चे अंडे आणि दूध असलेले मिश्रण फार वेळ बाहेर ठेवणे सुरक्षित नाही. अर्ध्या तासाहून जास्त मुरवायचे असल्यास ते फ्रीजमध्ये ठेवावे. तेथे ते एक दिवस टिकते. फ्रीजमध्ये मिश्रणातले लोणी गोठून वर कण दिसतात, म्हणून करण्याआधी ते पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवून चांगले ढवळावे.

तवा आणि आच

जाड बुडाचा, सपाट तळाचा आणि लहान, उतरत्या कडांचा तवा सर्वांत सोयीचा. तळाचा व्यास २० ते २४ सेंटिमीटर असावा. बिडाचा तवा तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की धग धरून ठेवतो आणि पॅनकेकला सुंदर तपकिरी नक्षी येते. मात्र तो तेल मुरून काळा, गुळगुळीत झालेला असावा. नवशिक्याला नॉनस्टिक तवा सोपा जातो. मध्यभागी खोल असलेला पोळीचा तवा चालत नाही, कारण मिश्रण मध्ये साचते आणि तेथे जाड थर होतो. तवा भरलेला असतानाही एका हाताने उचलून फिरवता आला पाहिजे, म्हणून दांडा पक्का आणि वजन पेलवेल असे असावे.

तवा मध्यम आचेवर तीन ते चार मिनिटे तापवावा, बिडाचा असेल तर पाच-सहा. त्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडावेत. थेंब चुर्र आवाज करत लगेच आटले तर तवा तयार आहे. थेंब नुसते बसून राहिले तर तवा थंड आहे. थेंब मण्यांसारखे गोल होऊन घरंगळू लागले तर तो फार तापला आहे, तेव्हा आच कमी करून थोडे थांबावे.

तव्याला लावलेले लोणी तापले की आधी फेसाळते. हा फेस म्हणजे लोण्यातले पाणी वाफ होऊन निघणे. फेस बसला आणि बदामासारखा वास आला की मिश्रण ओतण्याची वेळ झाली. लोण्यातील दुधाचे कण साधारण १५० अंशांच्या आसपास काळे पडू लागतात. म्हणून लागोपाठ बरेच पॅनकेक करायचे असल्यास तूप अधिक चांगले, ते सहज जळत नाही. लोणी किंवा तूप कितीही आवडत असले तरी तव्याला फक्त पुसट थर हवा. कापडाच्या पुरचुंडीने किंवा कागदी रुमालाने ते फिरवून जास्तीचे टिपून घ्यावे. तव्यात स्निग्धाचे तळे असेल तर मिश्रण त्यावर तरंगते, पसरत नाही आणि पॅनकेकला भोके पडतात.

ओतणे, पसरवणे, उलटणे

प्रत्येक पॅनकेकसाठी मिश्रण मोजून घ्यावे. १८ सेंटिमीटरच्या तव्याला ४० मिलिलिटर, २२ सेंटिमीटरच्या तव्याला ६० मिलिलिटर आणि २४ सेंटिमीटरच्या तव्याला ७० मिलिलिटर पुरते. एक डाव ठरवून त्यात पाण्याने एकदा माप पाहून ठेवले की पुढे अंदाज चुकत नाही.

एका हातात तवा उचलून आचेवरून बाजूला घ्यावा आणि दुसऱ्या हाताने मिश्रण मध्यापासून थोडे बाजूला, एकाच धारेत ओतावे. ओततानाच तवा तिरका करून मनगटाने गोल फिरवावा, म्हणजे मिश्रण कडेकडेने वाहत पूर्ण तळ झाकते. हे सगळे तीन-चार सेकंदांत व्हावे. डोशाचे पीठ जसे डावाच्या बुडाने गोलगोल पसरवतात, तसे येथे करू नये. या मिश्रणाचा खालचा थर तव्याला टेकताच गोठतो आणि डाव फिरवला की तो गोळा होऊन फाटतो. कुठे मोकळी जागा राहिली तर तिथे थेंबभर मिश्रण टाकून ती बुजवावी. पूर्ण तळ झाकून मिश्रण उरत असेल तर ते परत भांड्यात ओतावे आणि पुढच्या वेळी माप कमी करावे.

तवा पुन्हा मध्यम आचेवर ठेवावा. साधारण एक मिनिटात वरचा ओला तकाका जातो, कडा सुटून तपकिरी होतात आणि तवा हलवला की पॅनकेक सरकतो. या तीन खुणा दिसल्या की पातळ पात्याचे उलथणे कडेखालून मध्यापर्यंत सारून पॅनकेक एका झटक्यात उलटावा. कडा सुटण्याआधी घाई केल्यास तो हमखास फाटतो. दुसरी बाजू ३० ते ४० सेकंदांत होते. ती पहिल्या बाजूइतकी एकसारखी रंगत नाही, तिच्यावर ठिपके येतात. वाढताना पहिली बाजू बाहेर ठेवावी.

बहुतेक वेळा पहिला पॅनकेक मनासारखा होत नाही. तव्याची धग तोवर सगळीकडे सारखी झालेली नसते आणि स्निग्धाचा थरही बसलेला नसतो. त्याचा उपयोग परीक्षेसारखा करावा. तो जाड झाला तर मिश्रणात दूध घालावे, फिकट राहिला तर आच वाढवावी, डागाळला तर कमी करावी, मोडला तर तवा आणखी तापू द्यावा. दुसऱ्यापासून पॅनकेक एकसारखे येऊ लागतात. पुढे प्रत्येक वेळी लोणी लावण्याची गरज नसते. दोन-तीन पॅनकेकनंतर पुरचुंडी एकदा फिरवली तरी पुरते. मिश्रण मधूनमधून ढवळत राहावे, कारण मैदा तळाशी बसतो आणि शेवटचे पॅनकेक जाड होऊ लागतात.

गॅसच्या शेगडीवर तव्याचा मध्य जास्त तापतो. मध्यभाग करपून कडा कच्च्या राहत असतील तर तवा आचेवर थोडा सरकवत राहावा. इंडक्शनवर तवा कॉइलपेक्षा मोठा असल्यास कडा थंड राहतात. तेथे कमी आचेवर जास्त वेळ आधी तापवणे हाच उपाय आहे.

गरम ठेवणे आणि वाढणे

पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर ताटली ठेवावी आणि तयार पॅनकेक तिच्यावर एकावर एक रचत जावेत. वरून दुसरी ताटली उपडी घालावी. वाफेच्या उबेने ते मऊ आणि गरम राहतात. ओव्हन असल्यास तो ८० ते १०० अंशांवर ठेवून झाकलेली ताटली आत ठेवता येते. झाकण नसेल तर पॅनकेक कडेने सुकून कडक होतात.

सर्वांत साधी डॅनिश पद्धत म्हणजे गरम पॅनकेकवर चमचाभर साखर पसरून त्याची गुंडाळी करणे. साखर अर्धवट विरघळते आणि दाताखाली थोडी करकरते. दुसरी लोकप्रिय पद्धत म्हणजे पॅनकेक ताटात पसरून त्यावर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा आणि स्ट्रॉबेरीचा जॅम घालून घडी घालणे. आइस्क्रीम वितळण्याआधी ते खाल्ले पाहिजे, म्हणून हे पॅनकेक एकेक करून तव्यावरून थेट ताटात जावेत.

डेन्मार्कमध्ये स्ट्रॉबेरीचा हंगाम जून-जुलैमध्ये असतो. महाराष्ट्रात महाबळेश्वर-पाचगणी भागातील स्ट्रॉबेरी हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला मिळते, तेव्हा ताजा जॅम घरी करता येतो. ५०० ग्रॅम स्ट्रॉबेरी धुऊन, देठ काढून, अर्धे काप करून २५० ग्रॅम साखरेत तासभर ठेवाव्यात. सुटलेल्या रसासह मध्यम आचेवर वीस मिनिटे शिजवाव्यात आणि शेवटी एका लिंबाचा रस घालावा. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असते. लिंबाचा आंबटपणा ते धरायला मदत करतो. या जॅममध्ये साखर कमी असल्याने तो फ्रीजमध्येच ठेवावा आणि दोन आठवड्यांत संपवावा. साल काढलेल्या सफरचंदाच्या फोडी थोड्या पाण्यात आणि साखरेत मऊ शिजवून केलेला गरही पॅनकेकसोबत चांगला लागतो.

जेवणाचे पॅनकेक

डेन्मार्कमध्ये पॅनकेक जेवण म्हणूनही खातात. त्यासाठी मिश्रणातून साखर आणि वेलदोडा वगळून मीठ अर्धा छोटा चमचा करावे. थोडी मिरपूड आणि बारीक चिरलेली पात घातली तरी चालते. आत परतलेला खिमा आणि टोमॅटो, कोंबडीचे तुकडे, मशरूम किंवा पालक आणि चीज असे सारण भरतात. सारण कोरडे असावे. ओले सारण पॅनकेक भिजवून फाडते. भरलेल्या गुंडाळ्या भाजण्याच्या पसरट भांड्यात शेजारी शेजारी लावून वर चीज किसावे आणि २०० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे, चीज तांबूस होईपर्यंत भाजावे. थंड पॅनकेकला मऊ क्रीम चीज लावून त्यावर धुरावलेल्या सामन माशाचे पातळ काप आणि शेपू ठेवून घट्ट गुंडाळी करतात. तासभर फ्रीजमध्ये ठेवून तिच्या चकत्या कापल्या की पाहुण्यांसाठी थंड खाणे तयार होते.

अंड्याशिवाय

अंडे वगळल्यास मिश्रण बांधून ठेवणारे मुख्य प्रथिनच जाते, म्हणून मूळ कृतीतून अंडी नुसती काढून भागत नाही. १५० ग्रॅम मैद्यात २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ, १ मोठा चमचा साखर आणि पाव छोटा चमचा बेकिंग पावडर मिसळावी. ४०० मिलिलिटर दूध थोडेथोडे घालून गुळगुळीत करावे, ३० ग्रॅम वितळवलेले लोणी घालावे आणि तासभर मुरवावे. करण्याच्या वेळी ५० मिलिलिटर सोडा वॉटर घालावे. तवा १८ सेंटिमीटरचा घ्यावा आणि पहिली बाजू पूर्ण होईपर्यंत हात लावू नये. हे पॅनकेक चवीला चांगले होतात, पण अंड्याच्या पॅनकेकइतके लवचिक नसतात. त्यांची गुंडाळी गरम असतानाच करावी.

बिघाड आणि उपाय

पॅनकेक तव्याला चिकटत असेल तर तवा पुरेसा तापलेला नाही किंवा मिश्रणात साखर जास्त आहे. नीट न तयार झालेल्या बिडाच्या तव्यानेही असे होते.

उलटताना फाटत असेल तर मिश्रण फार पातळ आहे, न मुरलेले आहे किंवा पहिली बाजू होण्याआधी उलटले जात आहे. पातळपणासाठी मोठा चमचाभर मैदा वेगळ्या वाटीत थोड्या मिश्रणात कालवून मग सगळ्यात मिसळावा. कोरडा मैदा थेट टाकल्यास गुठळ्या होतात.

वातड लागत असेल तर मिश्रण जास्त घोटले गेले आहे किंवा मंद आचेवर फार वेळ ठेवल्याने पॅनकेक वाळला आहे. आमलेटसारखी चव येत असेल तर एक अंडे कमी करून तेवढे दूध वाढवावे.

फिकट आणि मऊमऊ राहत असेल तर आच कमी आहे. दुधातील साखर आणि प्रथिने यांच्या संयोगाने येणारा तपकिरी रंग आणि खमंग वास पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या पुढे गेल्यावरच येतो. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होत असेल तर शेगडी किंवा ओटा सपाट नाही, अथवा तवा फिरवणे मध्येच थांबते आहे.

साठवण

उरलेले पॅनकेक पूर्ण निवल्यावर हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये दोन दिवस चांगले राहतात. गरम असतानाच डबा बंद केल्यास वाफेचे पाणी धरते आणि ते एकमेकांना चिकटतात. फ्रीझरमध्ये ठेवायचे असतील तर दोन पॅनकेकांमध्ये बटर पेपरचा तुकडा घालून थप्पी पिशवीत बंद करावी. अशी थप्पी दोन महिने टिकते. लागतील तेवढे काढून फ्रीजमध्ये सुटू द्यावेत आणि कोरड्या गरम तव्यावर प्रत्येक बाजू वीस सेकंद शेकावी. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे असल्यास ओलसर कागदी रुमालाने झाकून थोडाच वेळ ठेवावेत, नाहीतर ते रबरासारखे होतात. आइस्क्रीम किंवा जॅम भरलेले पॅनकेक साठवू नयेत. सारण भरलेले जेवणाचे पॅनकेक मात्र भाजण्याआधी एक दिवस फ्रीजमध्ये ठेवता येतात.